ओटीवरचा खोत कोणी करायचा?

अभिजात कादंबरीवर चित्रपट निघणार अशी बातमी आली की पहिला वाद पेटतो तो नायकावरून. अमुक नट शोभेल का, तमुक नटी त्या वयाची दिसेल का, यावर आमच्याकडे दापोलीच्या एस.टी. स्टँडपासून हर्णैच्या बंदरापर्यंत ज्याला त्याला मत असते. मला हा वाद बऱ्याच अंशी फुकटचा वाटतो. वाचकाच्या मनात नायकाचा चेहरा बहुधा धूसरच असतो, कारण कादंबरीकार त्याला बाहेरून कमी आणि आतून जास्त दाखवतो. तीनशे पाने आपण त्याच्याच नजरेने गाव पाहत असतो, आणि पाहणाऱ्याचा चेहरा पाहणाऱ्याला कुठे दिसतो? आजूबाजूची माणसे मात्र आपण समोरून पाहिलेली असतात. लेखकाने त्यांना मोजकीच वाक्ये दिलेली असतात, पण त्यांत एखादी लकब, एखादे मळके उपरणे, एखादे ठरावीक खाकरणे असे काही पक्के बसवलेले असते की ते माणूस वाचकाच्या ओळखीचे होऊन जाते. मला भांडायचे असते ते या माणसांवरून: ओटीवर पान जुळवत बसलेला खोत (म्हणजे कोकणात सरकारचा सारा गोळा करणारा गावचा मालक), भात कांडायला येणारी बाई, वसुलीला आलेला माणूस, माजघरातून जिचा नुसता आवाज येतो ती म्हातारी.

डेव्हिड लीन यांनी १९४६ मध्ये चार्ल्स डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’वर चित्रपट केला. कादंबरीचा नायक पिप हा उत्तरार्धात विशीतला तरुण आहे. पडद्यावर तो साकारणारे जॉन मिल्स तेव्हा ३८ वर्षांचे होते. हे कळल्यावरही चित्रपट पाहताना मला ते फारसे खटकत नाही. आता त्याच चित्रपटातला जॅगर्स वकील चुकीच्या नटाकडे गेला असता तर काय झाले असते, याचा विचार करावा. समोरच्यावर तर्जनी रोखणारा, तीच तर्जनी दातांखाली धरणारा आणि अशिलाला वाटेला लावल्यावर सुवासिक साबणाने हात धुणारा हा माणूस डिकन्सने इतका घट्ट रेखाटला आहे की तिथे नटाला हात-पाय पसरायला जागाच नाही. लीन यांनी या भूमिकेसाठी फ्रान्सिस सलिव्हन यांना घेतले, आणि गंमत अशी की १९३४ मध्ये हॉलिवूडमध्ये याच कादंबरीवर निघालेल्या चित्रपटातही जॅगर्स त्यांनीच केला होता. हर्बर्ट पॉकेट झालेले अ‍ॅलेक गिनेस आणि मिस हॅविशॅम झालेल्या मार्टिटा हंट यांचेही तसेच. गिनेस यांनी १९३९ मध्ये या कादंबरीचे स्वतः नाट्यरूपांतर केले होते आणि त्यात या दोघांनी याच भूमिका केल्या होत्या. म्हणजे पिप नवा आणि वयाने थोराड असला तरी त्याच्या भोवतीची तीन माणसे त्या कथेत आधीच मुरलेली होती. माझ्या मते तो चित्रपट उभा राहतो तो या तिघांच्या आणि मॅगविच झालेल्या फिनले करी यांच्या खांद्यांवर.

दुय्यम भूमिकेची खरी अडचण वेळेची असते. नायक पहिल्या अर्ध्या तासात कच्चा वाटला तरी पुढच्या दीड तासात तो प्रेक्षकाच्या गळी उतरू शकतो; पाच मिनिटांच्या माणसाला ती सवड नसते. कादंबरीकाराने दोन पानांत सांगितलेला त्याचा सगळा पूर्वेतिहास त्याच्या चेहऱ्याने आणि चालीने दारातून आत येतानाच सांगावा लागतो. त्यामुळे निवड करणाऱ्यापुढे दोनच वाटा उरतात. एक तर प्रेक्षकाच्या ओळखीचा चेहरा घ्यावा, म्हणजे त्या चेहऱ्याच्या आधीच्या भूमिका ती दोन पाने भरून काढतात. नाही तर असा चेहरा घ्यावा की जो कोणी कधी पाहिलेलाच नाही, म्हणजे परक्या गावात उतरल्यावर आपण जसे प्रत्येकाकडे निरखून पाहतो तसे प्रेक्षक त्याच्याकडे पाहतो. दोन्ही वाटांना आपापली किंमत आहे, आणि बहुतेक चित्रपट ती मोजायची टाळतात.

डाफ्ने द्यु मॉरिए यांच्या १९३८ च्या ‘रेबेका’ या कादंबरीवर दोन चित्रपट शेजारी ठेवून पाहिले तर हा फरक चांगला दिसतो. त्यातली मिसेस डॅन्व्हर्स ही मोठ्या वाड्याची कारभारीण, मेलेल्या मालकिणीशी एकनिष्ठ आणि नव्या मालकिणीच्या जिवावर उठलेली. आल्फ्रेड हिचकॉक यांनी १९४० मध्ये ही भूमिका ज्युडिथ अँडरसन यांना दिली. त्या रंगभूमीवर नावाजलेल्या होत्या, पण चित्रपटाच्या प्रेक्षकाला त्यांचा चेहरा जवळजवळ नवा होता. हिचकॉक यांनी त्यांना चालताना फारसे दाखवलेच नाही. नवी सून मान वळवते आणि ही बाई तिथे आधीच उभी असते. चेहरा नवा असल्यामुळे ती दुष्ट आहे की केवळ शिस्तीची, दुःखी आहे की वेडी, हे प्रेक्षकाला बराच वेळ ठरवता येत नाही, आणि कादंबरीत निवेदिकेची नेमकी हीच अवस्था आहे.

हिंदीत १९६४ मध्ये बीरेन नाग यांनी याच कथेवर ‘कोहरा’ केला आणि ती जागा ललिता पवार यांना दिली. इथे हिशेब अगदी उलटा. १९४२ मध्ये चित्रीकरणात बसलेल्या एका थपडेने अधू झालेला त्यांचा डावा डोळा आणि त्यानंतरच्या वीस वर्षांतल्या खाष्ट सासवा प्रेक्षकाला पाठ होत्या. माझ्या आत्याने हा चित्रपट दूरदर्शनवर पाहिला तेव्हा दाईमाँ पडद्यावर आल्याबरोबर तिने हातातली तांदळाची परात खाली ठेवली आणि म्हणाली, “ही आली गो बाय, आता त्या पोरीचं काय खरं नाय.” पोरीने अजून घरात धड पाऊलही टाकले नव्हते. शंका हळूहळू वाढण्याचा प्रश्नच नव्हता. ती प्रेक्षक घरूनच घेऊन आला होता. ललिताबाईंनी ती भूमिका आवाज न चढवता केली हे त्यांचे श्रेय, आणि याच बाईंनी १९५९ च्या ‘अनाडी’त मिसेस डिसा करून आपण दुसरे काय करू शकतो तेही दाखवले होते. तरीही ‘रेबेका’तला जो संशय वाचकाला कुरतडत राहतो, तो ‘कोहरा’त उरत नाही. त्याच्या जागी भीती येते, आणि ती भीती पहिल्या दृश्यापासून पूर्ण तयार असते. ज्याला भुताटकीचाच चित्रपट करायचा आहे त्याच्यासाठी ही निवड चोख म्हणावी लागेल. कादंबरीतल्या बाईसाठी मी ती केली नसती.

नव्या चेहऱ्याचे सर्वांत टोकाचे उदाहरण हार्पर ली यांच्या कादंबरीवरच्या १९६२ च्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’मधले. बू रॅडली हा शेजारी सगळ्या गोष्टीभर फक्त अफवेत असतो आणि शेवटी दाराआड उभा सापडतो. ती भूमिका रॉबर्ट डुव्हाल यांची. त्यांचा तो पहिला चित्रपट, आणि त्यात त्यांना एकही वाक्य नाही. तिथे कोणी गाजलेला नट उभा असता तर प्रेक्षक बू रॅडलीला न पाहता त्या नटाला पाहत बसला असता.

मात्र नवा चेहरा म्हणजे नवखा नट, असा अर्थ कोणी काढू नये. सत्यजित राय यांनी बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या १९२९ च्या ‘पथेर पांचाली’तल्या इंदिर ठाकरुणसाठी चुनीबाला देवींना शोधून काढले तेव्हा त्या ऐंशीच्या आसपास होत्या आणि एके काळी रंगभूमीवर वावरलेल्या होत्या, लोक त्यांना विसरले होते इतकेच. कादंबरीत ही म्हातारी बरीच लवकर मरते. राय यांनी तिला चित्रपटात पुढे नेले आणि तिचा मृत्यू मुलांच्या वाट्याला आणला: घरातली भावंडे दुर्गा आणि अपू बांबूच्या बनात तिला बसलेली पाहतात, दुर्गा हलवते आणि ती कोसळते. कथेचा सांधा असा हलवायला धाडस लागते, आणि ते धाडस हातात चुनीबाला देवी असल्यामुळेच सुचले असावे असा माझा तर्क आहे. मरण्यापूर्वी ती घरी परत येते ते दृश्य मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. मुलांची आई सर्वजया तिला पाणी द्यायला उठत नाही. म्हातारी स्वतःच पाणी घेते, पिते आणि उरलेले पाणी जवळच्या रोपाला घालते. हे करताना तिच्या तोंडावर कसलाही भाव आणलेला नाही. रोज घालते तसे तिने पाणी घातले, एवढेच. ज्या घरातून आपल्याला हाकलले जात आहे त्याच घरातले रोप जगवणे, हे सांगायला मधल्या फळीतल्या कोणा नटीने डोळे भरून आणले असते. तिच्या अंत्ययात्रेचे चित्रण झाले तेव्हाची आठवण राय यांनी सांगितली आहे: दृश्य संपले तरी बाई तिरडीवर निपचित पडून राहिल्या, आणि सगळे घाबरल्यावर डोळे उघडून म्हणाल्या की संपल्याचे मला कोणी सांगितलेच नाही.

मराठीत ओळखीच्या चेहऱ्याचा सर्वांत हुशार वापर मला ‘सिंहासन’मध्ये दिसतो. अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवर विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि जब्बार पटेल यांनी १९७९ मध्ये चित्रपट केला. त्यात मुख्यमंत्री अरुण सरनाईक, त्यांच्या खुर्चीवर डोळा ठेवून असलेले विश्वासराव दाभाडे म्हणजे श्रीराम लागू, कामगारनेते डिकास्टा म्हणजे सतीश दुभाषी, अशी भरघोस फळी आहे. त्या काळच्या कोणालाही विचारले असते की यात निळू फुले कुठे बसतील, तर त्याने एखादा रगेल जिल्हा पुढारी दाखवला असता, कारण १९६८ च्या ‘एक गाव बारा भानगडी’पासून प्रेक्षकाने त्यांना त्याच धोतरात आणि त्याच घोगऱ्या आवाजात पाहिले होते. पटेल यांनी त्यांना दिगू टिपणीस केले: खांद्याला शबनम लावून सगळे पाहणारा, सगळे समजणारा आणि काहीही करू न शकणारा पत्रकार. ज्या माणसाला आपण सत्तेच्या जागी बसलेला पाहिला आहे, तोच आता सत्तेच्या दारात वाट पाहत उभा आहे, ही जाणीव प्रेक्षकाला एकही संवाद न ऐकता होते. चेहऱ्याचा भूतकाळ असा उलटा वापरता येतो, पण त्यासाठी दिग्दर्शकाला तो भूतकाळ आधी मान्य करावा लागतो.

आता आमच्या तालुक्यातल्या पुस्तकाकडे येते. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’वर आचार्य अत्रे यांनी काढलेल्या १९५३ च्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले हे इथले शाळकरी पोरही सांगेल. आईच्या भूमिकेसाठी अत्र्यांनी वनमाला यांना घेतले, ज्यांना प्रेक्षकांनी १९४१ च्या ‘सिकंदर’मध्ये राजेशाही थाटात पाहिले होते, आणि तरीही ती आई आज घराघरात आहे, नायक-नायिकेला प्रेक्षक अशी सवलत देतो. श्याम झालेले माधव वझे तर त्या वयाचेच मूल होते. प्रबोधनकार ठाकरे यांनीही त्या चित्रपटात काम केले होते, आणि त्यांना पडद्यावर पाहून तेव्हाच्या प्रेक्षकाला त्यांचा लेखणीचा दरारा आठवला नसेल असे होणे नाही. २०२३ मध्ये सुजय डहाके यांनी हेच पुस्तक पुन्हा, आणि कृष्णधवल रंगात, पडद्यावर आणले. त्यात तरुण साने गुरुजी ओम भूतकर यांनी केले.

माझे गाऱ्हाणे दोन्ही चित्रपटांपेक्षा एकूण रीतीबद्दल आहे. ‘श्यामची आई’ वाचताना पालगडचे घर माझ्या मनात उभे राहते ते मथुरी कांडपिणीमुळे, दूर्वांच्या आजीमुळे, आणि कर्जाच्या वसुलीला येऊन ओटीवर बसणाऱ्या त्या माणसामुळे. हा माणूस पुस्तकात फार वेळ नाही. तो येतो, अद्वातद्वा बोलतो आणि आतली बाई उंबरा ओलांडून बाहेर येईपर्यंत मजल नेतो. श्यामचे घराणे खोताचे, पण वडिलांच्या काळात कर्जात बुडालेले. म्हणजे ज्या ओटीवर पूर्वी लोक हात जोडून उभे राहत तिथे आता सावकाराचा नोकर पाय पसरून बसला आहे. ही भूमिका करणाऱ्याने डोळे वटारले आणि मिशीला पीळ दिला की सगळे फसले. तो स्वतः गरीब आहे, पगारी आहे, आज रिकाम्या हाताने परत गेला तर त्याला बोलणी बसणार आहेत, आणि खोताच्या घरात बसून उर्मट बोलायची संधी त्याला जन्मात प्रथमच मिळाली आहे. एवढे सगळे ज्याच्या बसण्यात दिसेल असा नट शोधायला आईची भूमिका ठरवण्यापेक्षा जास्त वेळ दिला पाहिजे. प्रत्यक्षात अशा भूमिका चित्रीकरणाच्या आठवडाभर आधी फोनवर ठरतात.

खोताबद्दल तर बोलावे तितके थोडे. काही वर्षांपूर्वी आमच्या बाजूला एका जुन्या कादंबरीवरच्या मालिकेचे चित्रीकरण झाले. गर्दीसाठी गावातली माणसे हवी होती, म्हणून सगळे हौसेने गेले. आमच्या वाडीतले एक आजोबा, ज्यांच्या वडिलांनी खोताच्या बागेत जन्मभर सुपाऱ्या काढल्या, ते इस्त्रीचा शर्ट आणि चष्मा घालून गेले. निवड करणाऱ्या मुलाने त्यांच्याकडे एकदा पाहिले आणि “काका, तुम्ही गावातले वाटत नाही,” म्हणून बाजूला बसवले. थोड्या वेळाने खोत झालेला नट गाडीतून उतरला: मोठा भगवा फेटा, पिळदार मिशा, हातात चांदीच्या मुठीची काठी आणि आवाज असा की समोरच्या झाडावरचे कावळे उडावेत. बाजूला बसलेले आजोबा हळूच म्हणाले, “हा कोल्हापूरचा पाटील इकडे कशाला आला?” मग त्यांनी मला खोत कसा असायचा ते सांगितले, आणि ते मी त्यानंतर कोणत्याही पडद्यावर पाहिलेले नाही. खोत ओरडत नसे. तो ओटीवर झोपाळ्याच्या कडेला बसे, मांडीवर उपरणे, पुढ्यात पानाचा डबा. कूळ खाली अंगणात उभे. खोत पानाच्या शिरा नखाने काढी, चुना लावी, सुपारी कातरी, आणि विडा तोंडात जाईपर्यंत वर पाहत नसे. तेवढ्या वेळात अंगणातल्या माणसाचे पाय भाजत. बोलला तरी घरच्यासारखाच बोले, बायको-पोरांची चौकशी करी, आणि जाता जाता भाताचा वाटा सांगे.

कोकणातली खोती ही अशी होती. सरकारचा सारा गोळा करणारा मधला माणूस कुळाच्या जगण्यामरण्याचा मालक झाला होता, डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये तिच्याविरुद्ध कायदेमंडळात विधेयक मांडले होते, आणि अखेर १९४९ च्या कायद्याने ती रद्द झाली. श्री. ना. पेंडसे यांची ‘गारंबीचा बापू’ त्यानंतर तीनच वर्षांनी, १९५२ मध्ये आली. बापूची नाटकातली आणि चित्रपटातली भूमिका काशिनाथ घाणेकरांच्या नावावर कायमची लागली, आणि ते ठीकच झाले. पण बापूचे बंड ज्याच्याविरुद्ध आहे तो अण्णा खोत जर पहिल्याच वाक्याला खलनायक वाटला, तर बंडाची किंमत निम्म्याने उतरते. ज्या माणसाला अख्खा गाव आपला पोशिंदा मानतो, ज्याच्या मऊ बोलण्याने बापूचा बाप विठोबा यासारखा माणूस दबून जातो, त्याच्यापुढे ताठ उभे राहणे अवघड असते. खोताच्या भूमिकेसाठी मी तरी आजवर फक्त प्रेमळ आजोबाच करत आलेला नट निवडीन. प्रेक्षकाने त्याच्यावर आधी विश्वास ठेवावा, आणि मग बापूबरोबर तो विश्वास तुटताना पाहावा.

भाषेचे दुखणे याला जोडूनच आहे. १९८० मध्ये मच्छिंद्र कांबळींचे ‘वस्त्रहरण’ रंगमंचावर आले आणि मालवणी बोलीला महाराष्ट्रभर हसू आणि प्रेम दोन्ही मिळाले. त्याचा आनंद आहेच. पण त्यानंतर चित्रपटांत कोकणातला गडी म्हटला की तो मालवणी बोलणार आणि बोलला की लोक हसणार, असा ठरावच झाल्यासारखे दिसते. कथा दापोली-मंडणगडकडची असली तरी गड्याच्या तोंडी सिंधुदुर्गातले हेल घातले जातात. बाणकोटी किंवा संगमेश्वरी बोली म्हणून काही असते हे निवड करणाऱ्याच्या गावीही नसते. मालक मात्र पुण्याची प्रमाण मराठी बोलतो. मग पुस्तकात जो गडी करुण आहे तो पडद्यावर विदूषक होतो, आणि दोष त्या नटाचा नसतो. त्याला निवडतानाच त्याच्याकडून हशा मागितलेला असतो.

याचा अर्थ कोकणातल्या कादंबरीला कोकणातलेच नट हवेत असा मी धरत नाही. चिं. त्र्यं. खानोलकरांची ‘कोंडुरा’ ही आमच्या दक्षिणेच्या किनाऱ्यावरची कादंबरी श्याम बेनेगल यांनी १९७८ मध्ये हिंदी आणि तेलुगू अशा दोन भाषांत केली, आणि कथा उचलून आंध्रच्या किनाऱ्यावर नेऊन ठेवली. हिंदी चित्रपटात कोंडुरास्वामी झाले अमरीश पुरी. समुद्रातून वर आलेल्या त्या आकृतीला कोणत्याही गावाची बोली नको होती. हवा होता तो देह आणि ती शांतता. अनंत नाग यांच्या परशुरामाला वरदान मिळाले की भास झाला, हा प्रश्न कादंबरीत जसा टांगता राहतो तसा तिथेही राहतो. किनारा बदलला तरी माणसे आपापल्या जागी पक्की असली की कथा वाहून जात नाही.

‘चेम्मीन’ची गोष्ट तर मला शेजारच्या तांडेलकाकांनी शिकवली म्हणायला हरकत नाही. तकळी शिवशंकर पिळ्ळै यांच्या १९५६ च्या कादंबरीवर रामू करियात यांनी १९६५ मध्ये केलेला हा मल्याळी चित्रपट राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा दक्षिणेतला पहिला. प्रेमकथा करुत्तम्मा आणि परीकुट्टी यांची. काकांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्यांची नजर होती मुलीच्या बापावर, चेंबनकुंजूवर. कोट्टारक्करा श्रीधरन नायर यांनी केलेला हा माणूस होडी आणि जाळी घेण्यासाठी परीकुट्टीकडून पैसा उचलतो, मालक होतो आणि परतफेडीचे नाव काढत नाही. एक मल्याळी शब्द न कळता काका म्हणाले, “ह्याच्या हाताखाली मी खलाशी म्हणून गेलो नसतो.” हर्णैला संध्याकाळी वाळूवर मासळीचा लिलाव चालतो, तेव्हा कोण मालक आहे, कोण मालक झाल्यासारखे दाखवतो आहे आणि कोणाच्या डोक्यावर कर्ज आहे हे काका लांबूनच ओळखतात. एका नटाने त्यांच्या या नजरेची परीक्षा पास केली, याहून मोठी पावती मला तरी ठाऊक नाही.

शरच्चंद्रांच्या ‘देवदास’वरच्या बिमल रॉय यांच्या १९५५ च्या चित्रपटासाठी मोतीलाल यांना चुन्नीबाबूबद्दल सहायक अभिनेत्याचा फिल्मफेअर मिळाला आणि त्यांनी तो घेतला, वैजयंतीमाला यांना चंद्रमुखीबद्दल सहायक अभिनेत्रीचा मिळाला आणि त्यांनी तो नाकारला, कारण ती भूमिका पारोच्या बरोबरीची आहे असे त्यांचे म्हणणे होते. मला दोघांचेही पटते. चुन्नीबाबू देवदासला दारूपर्यंत नेऊन सोडतो आणि त्याचे काम संपते. चंद्रमुखी त्या भेटीने बदलते, आणि जे माणूस कथेत बदलते त्याला सहायक म्हणायला माझीही जीभ रेटत नाही. याच न्यायाने ‘गारंबीचा बापू’तली राधाही दुय्यम ठरत नाही, आणि तिच्याबद्दल मी इथे लिहिलेले नाही ते त्यामुळेच.

पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वर अजून कोणी चित्रपट केलेला नाही, २०१८ च्या ‘तुंबाड’ने नाव तेवढे तिथून घेतले. पिढ्यान्‌पिढ्यांचे ते दोन खंड कोणी हाती घेतलेच, तर नायकाच्या तारखा मिळवण्याआधी ओटी, माजघर आणि अंगण भरायला किती माणसे लागतात याची यादी करावी लागेल. ती माणसे शोधायला मुंबईतल्या कचेरीत बसून फोटो मागवण्याची गरज नाही. रत्नागिरी जिल्ह्यात शिमग्याच्या सुमाराला गावोगाव नमन-खेळे चालतात. त्यांत संकासुराला पाहून पोरे पळतात, बाप्ये लुगडी नेसून गोमू नाचतात आणि मृदंगावरचा माणूस रात्रभर एका बैठकीवर असतो. निवड करणाऱ्यांनी त्या दिवसांत यावे, पहाटेपर्यंत जागावे, आणि जो आवडेल त्याचे नाव-गाव लगेच लिहून घ्यावे, कारण पालखी घरोघरी फिरून परत देवळात गेली की यातले निम्मे खेळे मुंबईच्या गाडीत बसलेले असतात.